ग्राउब्युंडनच्या डोंगरवाटांवर माउंटन बाइक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वित्झर्लंडच्या आग्नेय टोकाला असलेल्या ग्राउब्युंडन या कँटनमधील (कँटन म्हणजे स्विस प्रांत) सायकलवाटांविषयी पुणे, मुंबई, नाशिक येथील सायकलपटूंकडून आणि नोकरी-शिक्षणासाठी युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींकडून सतत विचारणा होत असते. त्यांपैकी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे एका विषयाचा धागा दुसऱ्या उत्तरात गेला आहे, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आल्प्समध्ये इतके प्रदेश असताना माउंटन बाइकसाठी ग्राउब्युंडनच का निवडावे?

सुमारे ७,१०० चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचे हे स्वित्झर्लंडमधील सर्वांत मोठे कँटन आहे. राजधानीचे कूर शहर जेमतेम ६०० मीटर उंचीवर, तर पिझ बर्निना शिखर ४,०४९ मीटरवर आहे. उंची आल्प्समध्ये इतरत्रही आहे. इथे मोल आहे ते वाटांचे. खिंडी ओलांडून मीठ आणि वाइन वाहून नेणारे खेचरांचे तांडे, उन्हाळ्यात गुरे घेऊन वरच्या कुरणांवर जाणारे गुराखी आणि गवत कापायला चढणारे शेतकरी यांनी पिढ्यान्‌पिढ्या मळलेल्या पायवाटांचे जाळे इथे आहे आणि त्यांतील फार मोठा भाग सायकलस्वारांना खुला आहे (प्रश्न ७ पाहा). त्यातच रेल्वे, पोस्टाची पिवळी बस आणि रोपवे यांची सोय एकमेकांना जोडलेली असल्याने एका खोऱ्यातून चढून दुसऱ्या खोऱ्यात उतरलेला सायकलस्वार संध्याकाळी मुक्कामी परत येऊ शकतो. २०१८ मध्ये माउंटन बाइकची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा याच कँटनमधील लेन्झरहाइडे येथे झाली. क्रॉस-कंट्रीची दहा जागतिक विजेतेपदे आणि २०१६ चे ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारा नीनो शुर्टर ग्राउब्युंडनचाच आहे.

२. मी सह्याद्रीत नियमित सायकल चालवतो. मला इथल्या वाटा जमतील का?

जमतील, मात्र दोन गोष्टी आधीच लक्षात घ्याव्यात. पहिली गोष्ट उताराची लांबी. अतकरवाडीतून सिंहगडाची चढाई साधारण ६०० मीटरची भरते. दावोसजवळच्या याकोब्सहॉर्नवरून निघून फिलिझूरला पोहोचणारा सायकलस्वार निव्वळ उंचीच्या हिशेबात दीड हजार मीटरहून अधिक खाली येतो, म्हणजे अडीच सिंहगड एका दमात. पाय चढावर थकतात हे आपल्याला ठाऊक असते; तळहात, बोटे आणि मांड्या उतारावर थकतात, हे इथे आल्यावर कळते.

दुसरी गोष्ट जमिनीची. आपल्याकडचा कातळ खरखरीत असतो, मुरूम ओळखीचा असतो आणि कोरड्या दिवसांत टायरला पकड मिळते. इथे ज्या उंचीवर झाडे संपतात त्या रेषेखाली ओली, गुळगुळीत मुळे आणि त्या रेषेच्या वर सुट्या चपट्या दगडांचा घसारा भेटतो. अशा घसाऱ्यावर चाक थोडे सरकतेच. ते सरकू द्यावे लागते आणि नजर पुढे ठेवावी लागते. सह्याद्रीत ज्याने पावसाळ्यानंतरच्या शेवाळलेल्या वाटा हाताळल्या आहेत, त्याला मुळांचे भय वाटत नाही, असा माझा अनुभव आहे.

उंचीचा अंदाज यावा म्हणून एवढेच सांगतो : दावोस गाव १,५६० मीटरवर वसलेले आहे आणि आपले कळसूबाई १,६४६ मीटर आहे. म्हणजे महाराष्ट्र जिथे संपतो, जवळपास तिथून इथली चढण सुरू होते.

३. कोणत्या महिन्यात यावे?

दोन हजार मीटरच्या वरच्या वाटांसाठी जुलै ते सप्टेंबर हा भरवशाचा काळ आहे. जूनमध्ये दऱ्यांतील आणि खालच्या जंगलांतील वाटा मोकळ्या असतात, पण खिंडींच्या उत्तरेकडील उतारांवर जुना बर्फ टिकून राहतो. सकाळी तो काचेसारखा कडक असतो आणि त्यावरून सायकल ढकलत जाणेही जोखमीचे ठरते. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात लार्चची झाडे सोनेरी होतात, हवा स्वच्छ असते आणि गर्दी ओसरलेली असते. माझा स्वतःचा आवडता काळ हाच आहे. मात्र तेव्हा अनेक रोपवे बंद झालेले असतात, दिवस लहान असतो आणि पहिला बर्फ केव्हाही पडू शकतो. रोपवेच्या सुरू व बंद होण्याच्या तारखा दरवर्षी बदलतात, त्यामुळे तिकिटे काढण्यापूर्वी त्या त्या ठिकाणच्या तारखा पाहून घ्याव्यात.

४. वाटांच्या वर्णनात एस-१, एस-२ असे लिहिलेले असते, तर कुठे निळा-लाल-काळा रंग असतो. यांचा अर्थ काय?

या दोन वेगळ्या पद्धती आहेत. नैसर्गिक पायवाटांसाठी एस-० ते एस-५ अशी श्रेणी वापरली जाते. एस-० म्हणजे अडथळा नसलेली, पकड असलेली वाट. एस-१ वर लहान मुळे आणि दगड असतात. एस-२ वर सुटे दगड, पायऱ्या आणि आवळलेली वळणे येतात. एस-३ मध्ये मोठे धोंडे, उंच पायऱ्या आणि फार अरुंद, टोकदार वळणे असतात. एस-४ आणि एस-५ हा मोजक्या निष्णात लोकांचा प्रांत आहे. बाइक पार्कमधील बांधीव वाटांना मात्र निळा (सोपी), लाल (मध्यम) आणि काळा (कठीण) असे रंग दिलेले असतात.

इथे एक गफलत नेहमी होते. श्रेणी वाटेचा तांत्रिक अवघडपणा सांगते. वाट किती उघडी आहे, म्हणजे बाजूला किती खोल दरी आहे, हे ती सांगत नाही. एस-१ ची सोपी वाट दोनशे मीटरच्या कड्याच्या काठाने जात असू शकते, म्हणून वर्णनात दरीचा उल्लेख आहे का, ते वेगळे वाचावे. तसेच संपूर्ण वाटेला एस-१ म्हटले असले तरी त्यात पन्नास मीटरचा एस-३ चा तुकडा असू शकतो. तिथे उतरून चालण्यात काहीही कमीपणा नाही.

५. पहिल्या दिवशी कोणती वाट घ्यावी?

फ्लिम्सजवळची रुंका ट्रेल, सेंट मॉरिट्झची कोर्विलिया फ्लो ट्रेल किंवा लेन्झरहाइडेच्या बाइक पार्कमधील निळी वाट, यांपैकी जी तुमच्या मुक्कामाजवळ असेल ती घ्यावी. या सायकलसाठीच बांधलेल्या वाटा आहेत : वळणांना बाहेरून मातीचा आधार दिलेला आहे, चढ-उतार लाटांसारखे आहेत आणि समोरून चालत येणारे कोणी नसते. पहिल्या दिवशी तीच वाट दोन-तीन वेळा उतरावी. पहिल्या फेरीत डोळे वाट शिकतात, दुसऱ्या फेरीत हात सैल पडतात, आणि ब्रेकची सवय (प्रश्न ११) बदलायला तेवढा अवधी लागतोच.

६. आल्प्स एपिक ट्रेल एका दिवसात होते का? ती फक्त उताराची आहे असे ऐकले आहे.

एका दिवसात होते; फक्त उताराची मात्र नाही. याकोब्सहॉर्नच्या माथ्यावर (२,५९० मीटर) रोपवेने पोहोचून सुरू होणारी ही वाट झेर्टिगच्या खोऱ्यात उतरते, पुढे मोनश्टाइन गावावरून जाते आणि सुमारे ४० किलोमीटरनंतर फिलिझूरला संपते. मध्ये मध्ये मिळून काहीशे मीटरची चढाई आहे आणि ती नेमकी उन्हे तापल्यावर वाट्याला येते. ज्यांनी रोपवेने वर जायचे आणि खाली घसरत यायचे एवढाच बेत केला होता, अशा अनेकांची मोनश्टाइनच्या आधीच दमछाक झालेली मी पाहिली आहे. सकाळच्या पहिल्या केबिनने वर जावे, दोन लिटर पाणी बरोबर ठेवावे आणि जेवणासह सहा-सात तास धरावेत.

फिलिझूरहून दावोसला रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत परत येता येते. हा छोटा प्रवास चुकवू नये, कारण गाडी वीझनच्या ८८ मीटर उंच दगडी पुलावरून जाते. १९०९ पासून हा पूल वापरात आहे. अंगात त्राण उरले असेल, तर फिलिझूरजवळचा लांडवासर पूलही पाहून यावा : ६५ मीटर उंचीचा हा वक्राकार पूल थेट कड्यातल्या बोगद्यात शिरतो.

७. चालणाऱ्यांच्या पायवाटेवर सायकल नेणे कायदेशीर आहे का?

सर्वाधिक विचारला जाणारा हा प्रश्न आहे आणि याचे उत्तर सीमा ओलांडली की बदलते. स्वित्झर्लंडच्या वाहतूक कायद्यानुसार सायकलसाठी अयोग्य किंवा उघडच तिच्यासाठी नसलेल्या वाटांवर सायकल नेता येत नाही. हा निकष कसा लावायचा, यात कँटनागणिक फरक पडतो. ग्राउब्युंडनने सहअस्तित्वाची भूमिका घेतलेली आहे : जिथे मनाईचा फलक नाही, तिथे डोंगरवाट पादचारी आणि सायकलस्वार या दोघांचीही मानली जाते. शेजारच्या ऑस्ट्रियात परिस्थिती याच्या उलट आहे. तेथील १९७५ च्या वनकायद्यानुसार जंगलात सायकल चालवायला मालकाची परवानगी लागते, म्हणजे खुली केलेली वाट सोडून बाकी सर्व बंद. जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात जंगलातील दोन मीटरपेक्षा अरुंद वाटा सायकलला वर्ज्य आहेत. स्टुटगार्टला राहणारे आणि तिथल्या नियमाला सरावलेले आपले मित्र ग्राउब्युंडनमध्ये आले की सुरुवातीला विनाकारण बिचकतात.

फलक वाचायला शिकावे. पिवळे फलक चालण्याच्या वाटांचे असतात. दगडांवर आणि झाडांवर पांढरा-लाल-पांढरा पट्टा असेल तर ती डोंगरी पायवाट आहे. तिच्यावर सायकल नेणारे पुष्कळ असतात. पांढरा-निळा-पांढरा पट्टा मात्र अल्पाइन वाटेचा आहे. तिथे हातांनी धरून चढावे लागते, बर्फ किंवा हिमनदी लागू शकते, तेव्हा सायकल घेऊन तिकडे वळू नये. सायकलचे चित्र असलेले लाल फलक माउंटन बाइकच्या अधिकृत मार्गांचे आहेत.

स्विस मतदारांनी २०१८ मध्ये सायकलमार्गांना राज्यघटनेत स्थान दिले आणि त्यावर आधारित संघीय कायदा १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला. माउंटन बाइकच्या वाटाही त्याच्या कक्षेत येतात आणि कँटनांनी हे जाळे २०४२ पर्यंत प्रत्यक्षात आणायचे आहे. म्हणजे पुढील काही वर्षांत फलक आणि मार्ग बदलत राहतील. जुन्या नकाशापेक्षा जागेवरचा फलक खरा मानावा.

८. वाटेत चालणारे लोक भेटले तर नेमके काय करायचे?

पादचाऱ्याला नेहमी आधी वाट द्यायची. तो दिसताच वेग चालण्याइतका कमी करायचा, दुरूनच घंटा वाजवायची आणि वाट अरुंद असेल तर थांबून पाय जमिनीवर टेकवायचा. दरीच्या बाजूला आपण थांबायचे, डोंगराच्या बाजूने त्यांना जाऊ द्यायचे. चढणारा आणि उतरणारा सायकलस्वार समोरासमोर आले, तर चढणाऱ्याला आधी जाऊ द्यावे, कारण थांबलेल्याला चढावर पुन्हा निघणे कठीण जाते.

“ग्र्युएत्सी” असे म्हणून नमस्कार करावा. एंगाडीनच्या खोऱ्यात रोमान्श भाषा बोलतात, तिथे “अलेग्रा” म्हणावे. आपल्या मागे आणखी किती जण आहेत तेही सांगावे. हे फार लहान वाटेल, पण ग्राउब्युंडनमधील वाटा कायद्याच्या कलमापेक्षा या वागणुकीच्या जोरावर खुल्या राहिल्या आहेत. एखाद्या गावात तक्रारी वाढल्या की तिथल्या वाटेवर मनाईचा फलक लावायला फार वेळ लागत नाही. जुलै-ऑगस्टमधील रविवारी दुपारी रोपवेच्या जवळपासच्या लोकप्रिय वाटा टाळाव्यात, हा माझा आग्रहाचा सल्ला आहे.

९. कुठे सायकल अजिबात नेता येत नाही?

स्विस राष्ट्रीय उद्यानात. त्सेरनेत्सजवळचे, १९१४ मध्ये स्थापन झालेले आणि सुमारे १७० चौरस किलोमीटर पसरलेले हे आल्प्समधील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान आहे. त्याच्या पायवाटांवर सायकलला पूर्ण बंदी आहे आणि सायकल हातात धरून चालत जाण्याची पळवाटही तिथे चालत नाही. उद्यानाला वळसा घालून जाणारे मार्ग उपलब्ध आहेत. त्यांतला व्हाल मोराच्या खोऱ्यातून जाणारा मार्ग तर इतका शांत आणि सुंदर आहे की बंदीचे वाईट वाटत नाही.

दुसरी जागा अर्धवट बंदीची आहे. सूर एन गावातून इटलीच्या सीमेकडे जाणाऱ्या व्हाल दुईनाच्या घळीत १९०८ ते १९१० या काळात उभ्या कड्यात कोरून काढलेली वाट आहे. छताला हेल्मेट लागेल इतकी ती ठेंगणी आहे आणि एका अंगाला सरळ दरी आहे. त्या टप्प्यात सायकल नेता येते, पण चालवता येत नाही. उतरून ढकलावीच लागते. या नियमाला अपवाद नाही.

सप्टेंबरमध्ये मोठ्या प्राण्यांच्या शिकारीचा हंगाम असतो. वाटा तेव्हा बंद होत नाहीत, मात्र पहाटे आणि तिन्हीसांजेला जंगलात जाणे टाळावे आणि भडक रंगाचे कपडे घालावेत.

१०. स्वतःची सायकल भारतातून न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी?

आठवड्याभरासाठी येत असाल तर भाड्याने घ्यावी. प्रत्येक मोठ्या गावात १४०-१५० मिलिमीटर सस्पेन्शनच्या, पुढे-मागे मोठ्या डिस्क असलेल्या उत्तम सायकली मिळतात आणि त्या या उतारांसाठीच सज्ज केलेल्या असतात. सॅडल किंवा पेडल तुमच्या सवयीचे हवे असेल तर तेवढे घरून आणावे. तीन-चार आठवडे राहणार असाल, तरच पेटीत बांधून सायकल आणण्याचा खटाटोप परवडतो. तेव्हा नवे ब्रेक-पॅड, जादा डिरेलर हँगर (गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा तुकडा) आणि ट्यूबलेस टायरचे द्रावण बरोबर असावे. द्रावणाची बाटली चेक-इन सामानातच ठेवावी.

११. भाड्याच्या सायकलचे ब्रेक “उलटे” असतात म्हणजे काय?

हा प्रश्न विचारला जात नाही तेव्हाच अपघात होतो, म्हणून सविस्तर सांगतो. भारतात मोटारसायकलप्रमाणे सायकललाही पुढचा ब्रेक बहुधा उजव्या हाताशी असतो. स्वित्झर्लंडमध्ये भाड्याने मिळणाऱ्या सायकलींचा पुढचा ब्रेक डाव्या हाताशी असतो.

माझ्या पहिल्या वर्षी मला हे ठाऊक होते. दुकानाच्या आवारात दोन चकरा मारून मी ते तपासलेही होते. तासाभराने एका उतरत्या वळणावर मुळावरून मागचे चाक घसरले आणि घाबरलेल्या हाताने जुन्या सवयीने डावा ब्रेक पूर्ण दाबला. पुढचे चाक जागीच थांबले आणि मी हँडलवरून पुढे फेकलो गेलो. मनगट दोन आठवडे सुजलेले होते. डोक्याला कळलेली गोष्ट बोटांना कळायला वेळ लागतो, एवढे मी तेव्हा शिकलो.

यावर दोन उपाय आहेत. सायकल आरक्षित करतानाच पुढचा ब्रेक उजवीकडे करून मिळेल का, असे विचारावे. काही सायकलींवर हे सहज होते. ज्यांच्या ब्रेकच्या नळ्या फ्रेमच्या आतून गेलेल्या असतात, त्यांवर ते किचकट असते आणि दुकानदार नकार देऊ शकतो. तसे झाल्यास डाव्या लिव्हरवर रंगीत चिकटपट्टी गुंडाळावी आणि पूर्ण पहिला दिवस सोप्या वाटेवर (प्रश्न ५) काढावा. ब्रेक एका बोटानेच दाबण्याची सवय लावली, तर घाबरून पूर्ण पंजा आवळला जात नाही.

१२. लांब उतारावर ब्रेक तापून निकामी होतात का?

होऊ शकतात. सतत हलका ब्रेक दाबून उतरत राहिले की डिस्क आणि पॅड यांना थंड व्हायला उसंत मिळत नाही. पॅड गुळगुळीत होतात, लिव्हर खोलवर जाऊ लागते आणि जळकट वास येतो. त्याऐवजी सरळ भागात सायकल मोकळी सोडावी आणि वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक एकत्र, ठामपणे, थोड्या वेळासाठी लावावेत. लिव्हर नेहमीपेक्षा आत जाते आहे असे वाटताच थांबावे आणि पाच-दहा मिनिटे सायकल सावलीत उभी करावी. तापलेल्या डिस्कला बोट लावू नये आणि तिच्यावर पाणीही ओतू नये, कारण ती वाकडी होऊ शकते. मुक्कामी पोहोचल्यावर रोज पॅडची जाडी पाहावी : ओल्या दिवसातील एका मोठ्या उताराने अर्धे पॅड झिजलेले मी पाहिले आहेत.

१३. मागचे चाक घसरवत वळण घेतले तर लोक रागावतात. त्यात एवढे काय आहे?

वाटेची हानी होते, आणि ती वाट कोणीतरी हाताने दुरुस्त करत असते. चाक लॉक करून घसरवले की मातीत लांबट खाच पडते. पुढच्या पावसाचे पाणी तीच खाच धरून वाहते आणि दोन-तीन वादळांत तिथे चर तयार होतो. मग लोक चराच्या बाजूने चालू लागतात आणि वाट गवतात पसरते. उंच कुरणांवर गवत उगवायचा काळ मोजक्या आठवड्यांचा असल्याने ती जखम वर्षानुवर्षे दिसत राहते.

एका जूनमध्ये झेर्टिगच्या वरच्या अंगाला मी दोन कामगारांना पाहिले. वाटेला आडवे तिरके बसवलेले लाकडी ओंडके ते एकेक करून साफ करत होते. ओंडक्यामागे साचलेला गाळ फावड्याने उतारावर लोटायचा, सुटलेला दगड कुदळीच्या मागच्या बाजूने ठोकून बसवायचा आणि दहा पावले पुढे जायचे. पाणी वाटेवरून बाजूला काढण्यासाठी ते ओंडके असतात. त्यांना टाळून बाजूच्या गवतावरून सायकल नेणे हा त्या मेहनतीचा अवमान आहे, असे मला मनापासून वाटते. ओंडक्यावरून सरळ, काटकोनात जावे. तिरके गेल्यास ओल्या लाकडावरून चाक हमखास निसटते. मुसळधार पावसानंतर एक दिवस मऊ मातीच्या वाटा सोडून द्याव्यात.

१४. ई-बाइक चालते का? त्यासाठी परवाना लागतो का?

ताशी २५ किलोमीटरपर्यंत साहाय्य करणारी आणि ५०० वॉटपर्यंतची मोटर असलेली ई-बाइक साध्या सायकलप्रमाणेच वाटांवर नेता येते. १६ वर्षांवरील व्यक्तीला तिच्यासाठी परवाना लागत नाही. १४ ते १६ वर्षांच्या मुलांना मोपेडचा परवाना लागतो. ताशी ४५ किलोमीटरच्या वेगवान ई-बाइकला नंबर प्लेट आणि परवाना लागतो, ती या वाटांसाठी नाही. १ एप्रिल २०२२ पासून सर्व ई-बाइकना रस्त्यावर दिवसाही दिवा लावणे सक्तीचे आहे, हे अनेकांना माहीत नसते.

भारतातून स्वतःची ई-बाइक आणण्याचा विचार सोडून द्यावा. १६० वॉट-तासांपेक्षा मोठी बॅटरी प्रवासी विमानात घेत नाहीत आणि माउंटन बाइकची बॅटरी याच्या तिप्पट-चौपट मोठी असते. शिवाय या सायकली २२ ते २५ किलो वजनाच्या असतात. जिथे सायकल खांद्यावर घेऊन पायऱ्या चढायच्या आहेत, अशा मार्गांवर त्या मदतीपेक्षा ओझे अधिक होतात.

१५. रेल्वे आणि बसमध्ये सायकल नेता येते का?

ग्राउब्युंडनमधील रेशियन रेल्वेच्या बहुतेक प्रादेशिक गाड्यांत येते. सायकलचे वेगळे तिकीट काढावे लागते आणि सायकल स्वतःच चढवावी-उतरवावी लागते. ग्लेशियर एक्सप्रेससारख्या पर्यटक गाड्यांत ती घेत नाहीत. झुरिकहून कूरला येणाऱ्या इंटरसिटी गाड्यांत उन्हाळी हंगामात सायकलच्या जागेचे आरक्षण आवश्यक असू शकते. पोस्टाच्या बसमागे सायकली अडकवायची सोय बऱ्याच मार्गांवर आहे, पण जागा मोजक्या असल्याने गट मोठा असेल तर आधी कळवावे. रोपवेची परतीची शेवटची वेळ स्थानकावरच्या फलकावर पाहूनच दिवसाची आखणी करावी.

१६. वाटेवर गाई किंवा राखणीची कुत्री आडवी आली तर?

उन्हाळी कुरणांतून जाणाऱ्या वाटांवर हे रोजचेच आहे. वासरांसह चरणाऱ्या गाई आपल्याकडच्या गावगाईंसारख्या समजू नयेत. वासराला धोका आहे असे वाटले तर त्या अंगावर येतात. सायकलवरून उतरावे, शक्य तितके लांबून हळू चालत जावे आणि वासराला हात लावू नये. कुंपणाच्या विजेच्या तारेला प्लास्टिकची मूठ असलेली स्प्रिंग असते. ती मुठीनेच काढावी, पलीकडे जाऊन लगेच पुन्हा अडकवावी. एका उघड्या राहिलेल्या तारेमुळे गुराख्याची रात्र डोंगरात गुरे शोधण्यात जाते.

२०१२ मध्ये कूरजवळच्या कालांडा डोंगरात लांडग्यांचा कळप स्थिरावला, स्वित्झर्लंडमधील आधुनिक काळातील पहिलाच. तेव्हापासून मेंढ्यांच्या कळपाबरोबर मोठी राखणी कुत्री दिसू लागली आहेत. कुत्रे भुंकत आले की ताबडतोब थांबून उतरावे आणि सायकल आपल्या व कुत्र्याच्या मध्ये धरून शांत उभे राहावे. त्याची खात्री पटली की ते कळपाकडे वळते; मग सायकल ढकलत, कळपाला वळसा घालून जावे. वेगाने निसटून जाण्याचा प्रयत्न करू नये, कारण पळणाऱ्यामागे लागणे हेच त्याचे काम आहे.

१७. हवामानाचा अंदाज कसा घ्यावा?

जुलै-ऑगस्टमध्ये सकाळ निरभ्र असली तरी दुपारनंतर गडगडाटी वादळे येतात. म्हणून खिंड किंवा उघडी धार दुपारी एकच्या आत ओलांडावी. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, त्यात वारा मिळाला की भर ऑगस्टमध्ये बोटे बधिर होतात, आणि बधिर बोटांनी ब्रेक लागत नाही. पातळ जलरोधक जाकीट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे रोज पाठपिशवीत असावेत. विजा जवळ येऊ लागल्यास धारेवरून खाली उतरावे आणि एकट्या झाडाखाली उभे राहू नये.

१८. विरळ हवेचा त्रास होतो का?

बहुतेकांना होत नाही. मुक्काम १,५०० ते १,८०० मीटरवर असतो आणि उंचीवर काही तासच घालवले जातात. थेट ३,५०० मीटरवरच्या लेहला उतरण्यासारखा हा प्रकार नाही. पहिले दोन दिवस चढावर धाप लागते, पाणी अधिक प्यावे लागते. डोके फार दुखू लागले तर खाली उतरावे.

१९. शाकाहारी माणसाची सोय होते का?

होते. बटाट्याचा किस परतून केलेली रोश्टी आणि चीज घातलेली शेवयांची डिश डोंगरातील उपाहारगृहांत जवळपास सर्वत्र मिळते. कापुन्स या स्थानिक पदार्थाबाबत मात्र सावध राहावे : पालेभाजीच्या पानांत गुंडाळलेला तो पदार्थ दिसायला अळूच्या उंड्यांसारखा निरागस असतो आणि आत बहुधा सुकवलेल्या मांसाचे तुकडे असतात. अक्रोडाचा स्थानिक केक, नुसटोर्ट, खिशात बाळगण्याजोगा आहे. एका तुकड्यावर तासाभराची चढण निघते. गावातील हौदांचे पाणी, पिण्यास अयोग्य असा फलक नसेल तर, निर्धास्त प्यावे. गुरे चरतात त्या भागातील ओढ्याचे पाणी पिऊ नये.

२०. शेंगेन व्हिसासाठी काढलेला प्रवास विमा पुरेसा आहे का?

व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण लागते, पण अनेक पॉलिसी साहसी खेळांतील दुखापत वगळतात. पॉलिसीच्या वगळलेल्या बाबींच्या यादीत माउंटन बाइक, डाउनहिल किंवा बाइक पार्क हे शब्द आहेत का, ते वाचावे आणि शोध व बचावकार्याचा खर्च समाविष्ट आहे, असे लेखी घ्यावे. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या रेगा या हवाई बचाव संस्थेला वार्षिक वर्गणी देऊन पाठीराखे होता येते. वर्गणीदारांचा बचाव खर्च ही संस्था माफ करू शकते. ही वर्गणी म्हणजे विमा मात्र नव्हे, त्यामुळे रुग्णालयाच्या खर्चासाठी पॉलिसी लागतेच.

२१. अपघात झाला आणि फोनला रेंज नसेल तर काय करावे?

रेंज असेल तर रेगाचा १४१४ किंवा रुग्णवाहिकेचा १४४ हा क्रमांक लावावा. ११२ देखील चालतो आणि तो कोणत्याही उपलब्ध नेटवर्कवरून लागतो. म्हणून स्वतःच्या कंपनीची रेंज नसली तरी तो एकदा लावून पाहावाच. आपण कुठे आहोत हे सांगण्यासाठी नकाशाच्या अ‍ॅपमधील अक्षांश-रेखांश वाचून दाखवावेत. एकट्याने निघताना मुक्कामाच्या ठिकाणी मार्ग आणि परतीची वेळ सांगून जावे.

काहीच लागत नसेल, तर आल्प्समधील संकटाचा संकेत वापरावा : एका मिनिटात सहा वेळा शिटी वाजवावी किंवा दिवा दाखवावा, एक मिनिट थांबावे आणि पुन्हा सुरू करावे. एका मिनिटात तीन वेळा उत्तर आले तर संकेत पोहोचला आहे. हेलिकॉप्टर दिसल्यावर मदत हवी असेल तर दोन्ही हात वर तिरके पसरून उभे राहावे; मदत नको असेल तर एक हात वर आणि एक खाली तिरका ठेवावा. ते उतरू लागण्याआधी सायकली आडव्या पाडून बाजूला न्याव्यात, हेल्मेट, जाकिटे आणि पाठपिशव्या दगडाखाली दाबाव्यात. पात्यांचा वारा सुटी वस्तू उडवतो. जखमी माणसाजवळ एकाने गुडघ्यावर बसून राहावे आणि वैमानिकाने खूण करेपर्यंत कोणीही जागेवरून हलू नये.